लेकरू कुणाचं?

आज बचतीचा हिशेब नाही, बँकेच्या फेऱ्या नाहीत. आज एका जुन्या प्रश्नाचा इतिहास सांगायचा आहे. आपल्या हदगाव तालुक्यात असं गाव क्वचितच असेल, जिथं हा प्रश्न एखाद्या ओसरीवर बसलेला नाही. नवरा-बायको वेगळे झाले, आता लेकरू कुणाचं?

हा विषय घ्यायला कारण घडलं. मागच्या उन्हाळ्यात एका गटाची बैठक चालू होती. बचत गोळा झाली, वहीवर सह्या झाल्या, चहा आला. गटातल्या एका ताईचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा तिथंच खेळत होता. ही ताई चार वर्षांपासून माहेरी आहे. कुणीतरी सहज विचारलं, "काय रे, तुझे बाबा कुठं असतात?" पोरगं खेळता खेळता म्हणालं, "मेले." बाप चांगला जिवंत आहे, दरवर्षी ऊसतोडीला जातो. बाया हसल्या. एक जण म्हणाली, "बरोबर बोललास बघ." हसणाऱ्यांत आम्हीही होतो.

परत येताना गाडीवर आमचं आमच्यात बोलणं निघालं, तेव्हा हसू राहिलं नाही. दोन वर्षांपूर्वी तो बाप मुलाला भेटायला आला होता. हातात नव्या चपलांचा जोड होता. त्या दिवशी "पोटगीचा रुपया देत नाही तोवर लेकराचं तोंड दाखवायचं नाही" असा सल्ला त्या ताईला कुणी दिला होता? आपल्याच गटानं. आणि आम्ही समन्वयक बाया माना हलवत बसलो होतो. ताईची बाजू खरी होती, तिला मार होता, उपास होते. पण त्या दिवशी पोरगं दाराआड उभं राहून चपलांकडं बघत होतं, हे आम्हाला दोन वर्षांनी आठवलं.

म्हणून आम्ही ठरवलं, हा प्रश्न आपल्याकडं आला कुठून ते जरा मागं जाऊन बघू.

आधी आपल्या आज्या-पणज्यांच्याही आधीच्या काळात जाऊ. कोर्टकचेऱ्या नव्हत्या तेव्हाही नवरा-बायको वेगळे होत होते. वरच्या म्हणवणाऱ्या घरांत ते चालत नसे, तिथं बाई मरेपर्यंत नांदायची किंवा कोपऱ्यात पडून राहायची. कष्टकरी जातींत मात्र काडीमोड होती. पंचांसमोर काडी मोडली की नातं मोडलं. लेखी झालं तर त्याला फारकत म्हणत, सोडचिठ्ठी म्हणत. मग बाई पाट लावू शकत होती. पेशवाईत तर या पाटावर सरकारी पट्टीसुद्धा होती, तिला पाटदाम म्हणत. १८२७ साली आर्थर स्टील नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनमधल्या जातींच्या रूढी गोळा करून छापल्या, त्यात फारकत आणि पाट यांच्या नोंदी आहेत. म्हणजे वेगळं होणं हे काही आताच्या मोबाइलनं आणलेलं नाही. गावात कुणी तसं म्हणालं तर त्याला हे सांगा.

लेकरांचा प्रश्न त्या काळी एका वाक्यात मिटत असे. मूल बापाच्या कुळाचं. अंगावर पीत असेल तोवर मायजवळ, दूध सुटून चालायला-बोलायला लागलं की बापाच्या घरी. यामागं बी आणि शेताचा जुना विचार होता. बी ज्याचं त्याचं पीक की शेत ज्याचं त्याचं, याची चर्चा मनुस्मृतीतही आहे. यात शेत म्हणजे बाई. आता आपण सगळ्या शेतात राबणाऱ्या. बियाण्याशिवाय पीक येत नाही हे खरंच, पण नुसतं बियाणं पोत्यात ठेवून कुणाच्या घरी सोयाबीन पिकलंय?

पाट लावून जाणारी बाई पहिल्या घरची लेकरं मागं ठेवून जायची. १८५६ साली इंग्रजांनी विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला. मोठी सुधारणा होती ती. पण त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात असं होतं, की विधवेनं दुसरं लग्न केलं तर मेलेल्या नवऱ्याच्या घरचे लोक "या लेकरांना दुसरा पालक नेमा" असा अर्ज कोर्टात करू शकत. लग्नाला परवानगी मिळाली, पण लेकरं गमावायची भीती सोबत आली. हा कायदा इंग्रजांच्या मुलखातला. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. इथं गावचे पंच आणि जातीची रीत चालायची. मुसलमान घरांत शरीयत होती. हनफी रिवाजाप्रमाणे मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत सांभाळायचा हक्क आईचा, त्याला हिजानत म्हणतात. पालक म्हणून नाव मात्र तिथंही बापाचंच.

तुम्ही म्हणाल, हे आपल्याकडचंच मागासलेपण. तसं नाही. ज्यांचं राज्य होतं त्या इंग्रजांच्या घरात काय चाललं होतं ते ऐका. लंडनमध्ये कॅरोलाइन नॉर्टन नावाची लेखिका होती. नवरा मारणारा. १८३६ साली दोघं वेगळे झाले आणि नवऱ्यानं तिघंही मुलगे तिच्यापासून नेले. त्या देशाच्या कायद्यात आईला लेकरावर कसलाच हक्क नव्हता, भेटायचासुद्धा नाही. तिनं पत्रकं छापली, खासदारांच्या मागं लागली. १८३९ साली तिथं कायदा झाला, की सात वर्षांखालचं मूल आईजवळ ठेवायचा आणि मोठ्या मुलांना भेटायचा अर्ज आई करू शकेल. पण १८४२ साली तिचा धाकटा मुलगा घोड्यावरून पडला. निरोप मिळून आई पोहोचली तेव्हा मुलगा गेलेला होता. स्वतःच्या लढ्यानं झालेला कायदा तिच्या त्या लेकराच्या कामी आला नाही.

तिच्या कायद्यातला "लहान मूल आईजवळ" हा धागा पुढं आपल्याकडंही आला. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईजवळ राहील असं लिहिलं आहे. गावात अजून "पाच वर्षं तुझं, मग आमचं" अशी भाषा ऐकू येते, तिचं मूळ हे. पण कायदा असं म्हणतच नाही. पाच वर्षं झाली की आपोआप बापाचं, असं कुठंही लिहिलेलं नाही.

आता आमच्या मनात घर केलेली गोष्ट सांगतो. ही गोष्ट आपल्या मराठीतली आहे आणि घडून सव्वाशे वर्षं झाली तरी ताजी वाटते. नाशिकजवळ जलालपूर नावाचं गाव आहे. तिथल्या गोखल्यांची मुलगी मनकर्णिका. अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं नारायण वामन टिळक या कवीशी आणि ती लक्ष्मीबाई टिळक झाली. नवरा विद्वान, मायाळू, रागीट आणि लहरी. केव्हा घर सोडून निघून जाईल याचा नेम नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म घेतला. बायकोला ते मागाहून कळलं.

विचार करा, तो काळ कसला होता. ब्राह्मणाच्या घरातला माणूस बाटला म्हणजे घरच्यांना तो मेल्यात जमा. लक्ष्मीबाईंच्या पदरी लहानगा दत्तू. त्या माहेरच्या माणसांच्या आसऱ्यानं राहिल्या, काही काळ पंढरपुरात. टिळक अहमदनगरला. चार-पाच वर्षं नवरा-बायको वेगळे. लेकरू आईजवळ. आणि कायद्यानं पालक कोण? बाप. १८९० सालचा पालक आणि पाल्य कायदा नुकताच झालेला होता. बाप हयात आहे आणि नालायक ठरलेला नाही, तर कोर्टानं दुसरा पालक नेमायचा नाही, असं त्यात होतं. शिवाय १८६६ चा आणखी एक कायदा होता. धर्म बदललेल्या माणसाजवळ त्याची बायको धर्माच्या कारणानं राहायला तयार नसेल, तर त्याला कोर्टातून लग्न मोडून घेता येत होतं. म्हणजे टिळकांच्या हाती दोन हत्यारं होती. एकानं लग्न मोडता येत होतं, दुसऱ्यानं लेकरू मागता येत होतं.

लग्न मोडायच्या वाटेला टिळक गेले नाहीत. पत्रं लिहीत राहिले. लक्ष्मीबाई रागावल्या, रडल्या, आजारी पडल्या, पण नवरा मेला असं म्हणाल्या नाहीत. भोवतालचे सगळे तसं म्हणायला तयार असताना त्या म्हणाल्या नाहीत, हे आम्हाला फार मोठं वाटतं. पुढं त्या नवऱ्याजवळ नगरला गेल्या, तेही आपला धर्म न सोडता, आपलं सोवळं सांभाळून. मग हळूहळू त्यांचं मन जातीपातीतून निघालं आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला. ते त्यांचं त्यांनी ठरवलं, तो आजचा विषय नाही. आमचं लक्ष आहे दत्तूवर.

हा दत्तू म्हणजे देवदत्त टिळक. बापापासून तुटलेली वर्षं त्यानं लहानपणी काढली. मोठेपणी त्यानं काय केलं? आईच्या मागं लागून तिच्या आठवणी लिहून घ्यायला लावल्या. त्याच 'स्मृतिचित्रे'. पहिला भाग १९३४ साली निघाला. टिळक १९१९ सालीच वारले होते. १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या. मराठीतलं हे फार नावाजलेलं आत्मचरित्र आहे, तालुक्याच्या वाचनालयात मागून बघा. त्यात नवऱ्याचे दोष झाकलेले नाहीत. विसराळूपणा, संताप, घरात दाणा नसताना दुसऱ्याला देऊन टाकणं, सगळं आहे. पण ते वाचताना माणूस आवडत जातो. ज्या आईला या माणसानं एवढं सोसायला लावलं, तिच्या तोंडून त्याच्याबद्दल हे ऐकायला मुलगा जवळ बसलेला आहे आणि त्याला ना आईची बाजू सोडावी लागते, ना बापाची. लक्ष्मीबाई काही फार शिकलेल्या नव्हत्या, अक्षरओळख लग्नानंतरची. तरी लेकरासमोर बापाबद्दल कसं बोलावं हे त्यांना कळलं होतं.

इथं एक गोष्ट कबूल करायला हवी. टिळक पती-पत्नी शेवटी एकत्र आले. आपल्या गटातल्या बहुतेक ताया परत नांदायला जाणार नाहीत आणि जावं असं आमचंही म्हणणं नाही. जिथं मार आहे, दारू आहे, दुसरी बायको आहे, तिथून बाई निघाली ते बरंच झालं. पण बाई घरातून निघाली म्हणजे लेकराचा बाप संपला का, हा प्रश्न वेगळा आहे. तो वेगळा ठेवायला आपल्याला कुणी शिकवलंच नाही.

कायद्यालाही ते हळूहळूच कळलं. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राजवटीतून सुटला. १९५५ साली हिंदू विवाह कायदा आला. घटस्फोट कायद्यात आला आणि त्याच्या २६ व्या कलमात लेकरांचा ताबा, पालनपोषण, शिक्षण याबद्दल कोर्टानं लेकरांच्या इच्छेचाही शक्य तिथं विचार करावा असं आलं. पण पुढच्याच वर्षीच्या पालकत्व कायद्यानं नैसर्गिक पालक बाप आणि "त्याच्यानंतर" आई, असं लिहून ठेवलं. त्या "त्याच्यानंतर" या एका शब्दानं ४३ वर्षं बायांना रडवलं. बाप जिवंत आहे ना, मग आईच्या सहीला किंमत नाही.

दोन आया या शब्दावरून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. गीता हरिहरन या लेखिकेचा संसार सुरळीत होता, तरी मुलाच्या नावानं पैसे गुंतवायच्या अर्जावर एकट्या आईची सही चालली नाही. दुसरी वंदना शिवा, बियाणं वाचवायच्या चळवळीतलं मोठं नाव. तिचा घटस्फोटाचा दावा चालू होता, मुलगा तिच्याजवळ होता आणि नवरा तिला आणि मुलाच्या शाळेलाही कळवत होता, की नैसर्गिक पालक मीच. १७ फेब्रुवारी १९९९ ला निकाल लागला. "नंतर" याचा अर्थ मेल्यानंतर असा घ्यायचा नाही. बाप लक्ष घालत नसेल, जवळ नसेल, तर आईही नैसर्गिक पालक. बी आणि शेताच्या वादात बियाणं जपणाऱ्या बाईनंच शेताची बाजू मांडली, याचं आम्हाला गमतीनं बरं वाटतं.

त्याच्याही आधी, १९७३ साली, एका नवरा-बायकोच्या भांडणात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलं होतं, की मुलं ही आईबापाची मालमत्ताही नाहीत आणि खेळणीही नाहीत. १९८४ साली कौटुंबिक न्यायालयांचा कायदा झाला. २०१५ साली विधी आयोगानं आपल्या २५७ व्या अहवालात आई आणि बाप दोघांनी मिळून लेकराची जबाबदारी वाटून घ्यायची सोय कायद्यात करा, अशी शिफारस केली. हे सगळं कागदावर आलं, तरी आपल्या गावात भांडण अजून "लेकरू कुणाचं" यावरच अडलेलं असतं.

बायांच्या चळवळीनंही यात मोठं काम केलं. २० मार्च १९८८ ला संगमनेरला टाकलेल्या बायांची परिषद भरली. निशा शिवूरकर आणि त्यांच्या समता आंदोलनातल्या सोबत्यांनी ती भरवली. तोवर "टाकलेली" हा शब्द खाली मान घालून ऐकायचा होता. तिथं बाया उठून उभ्या राहिल्या. रेशनकार्ड आमच्या नावाचं द्या, राहायला जागा द्या, पोटगी वेळेवर मिळवून द्या. आज एकट्या बाईला गटात, योजनेत, कार्डावर जागा आहे, त्यामागं अशा बायांचे कष्ट आहेत. त्या वेळी पोटाचा प्रश्न इतका मोठा होता, की लेकराला बाप भेटतो की नाही हा विचार मागं पडला. त्यांना दोष देता येणार नाही. पळून गेलेल्या, दुसरं घर केलेल्या बापाला भेटवणार तरी कसं?

अलीकडं, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदावर आधी आईचं नाव, मग बापाचं, मग आडनाव असं लावायचं ठरलं. एका गटात ही बातमी सांगितली तेव्हा एक ताई म्हणाली, "मग बापाचं काढून टाकता येतं का?" बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या असत्या, पण तोवर त्या पोराचं "मेले" आमच्या कानात बसलेलं होतं.

आता अशा लेकराच्या मनात काय होतं ते. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात ज्युडिथ वॉलरस्टीन आणि जोन केली या दोघींनी १९७१ साली ६० फुटलेल्या कुटुंबांतल्या १३१ मुलांचा अभ्यास सुरू केला. मुलांशी वर्षानुवर्षं बोलत राहिल्या आणि १९८० साली पुस्तक छापलं. ती सुखवस्तू घरं होती, सगळंच आपल्याला लागू होणार नाही. पण दोन गोष्टी ऐकताना आम्हाला आपल्याच वाड्यावस्त्या दिसल्या. पाच ते आठ वर्षांची मुलं गेलेल्या बापासाठी झुरतात, तो कसाही असला तरी. आणि नऊ ते बारा वर्षांचं मूल एकाची बाजू घेऊन दुसऱ्याशी भांडण मांडतं. त्या वयात मुलाला खरं-खोटं, न्याय-अन्याय कळायला लागलेला असतो आणि ज्याच्या घरी भाकरी खायची त्याचा राग आपल्या अंगावर घ्यावासा वाटतो. आपलं "मेले" म्हणणारं पोरगं बरोबर याच वयाचं. मोडलेल्या लग्नापेक्षा नंतर चालू राहिलेलं भांडण मुलाला जास्त पोखरतं, आणि दोघांशीही नातं टिकलेली मुलं पुढं जास्त सावरलेली दिसली, असं त्या दोघींनी लिहिलं.

हे फक्त बापांचं नुकसान समजू नका. आमच्या एका गटात अशीही ताई आहे, जिची मुलगी सासरच्यांनी ठेवून घेतली. लेकराला सांगितलं, तुझी माय तुला टाकून पळाली. मुलगी आता तेरा वर्षांची आहे. ताई दर आठवडी बाजारात भाजीवाल्यांच्या ओळीच्या टोकाला उभी राहते, कारण मुलगी आजीसोबत तिथून जाते. मुलगी खाली बघून जाते. एकदा ताईनं बांगड्यांचा जोड पुढं केला. मुलगी म्हणाली, "आजी रागावते." एवढंच. ताई म्हणते, निदान बोलली तरी. ऐकताना आपल्या घशात काय होतं ते होतंच. पण पहिल्या गटात जे आपण केलं, तेच दुसऱ्या घरानं या ताईला केलं. फरक एवढाच, की इकडं लेकरू आपल्या बाजूला होतं.

नातं तुटतं ते एका दिवसात तुटत नाही. "जा, तुझ्या बापाला सांग, पैसे पाठव" असा निरोप लेकराच्या हाती जातो. बापाकडून आल्यावर "कोण कोण होतं घरात, काय जेवलास" अशी चौकशी होते आणि लेकरू हेर बनतं. काही चुकलं की "गेलास ना बापावर" म्हणायचं. आजी-आजोबा सोयऱ्यांसमोर तेच तेच उगाळतात. बाप शाळेच्या दारातून लेकरू उचलून नेतो, मग महिनाभर पोरगं शाळेचं नाव काढत नाही. आणि ऊसतोडीच्या घरांत तर सहा-सहा महिने बाप दिसतच नाही, उचल घेतलेली असते, मुकादम सोडत नाही. तो आला नाही याचा अर्थ लेकराला "नको झालास" असा सांगितला जातो. कधी ते खरंही असतं. नेहमी नसतं.

इथं एक गोष्ट ठामपणे सांगतो, कारण हे बोलणं उलटं वापरलं जाऊ शकतं. आई लेकराचं मन बापाविरुद्ध भरवते, हा आरोप आता कोर्टात सर्रास होतो. रिचर्ड गार्डनर नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९८५ साली त्याला आजाराचंच नाव दिलं, पण मानसिक आजारांच्या मान्य यादीत ते घेतलं गेलं नाही. खरोखर मार खाल्लेलं किंवा आईला मार खाताना बघितलेलं लेकरू बापाला घाबरतं, तेव्हा ती भीती कुणी भरवलेली नसते. तिथं भेटीचा आग्रह धरायचा नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २१ व्या कलमात न्यायाधीश लेकराचा तात्पुरता ताबा आईला देऊ शकतात आणि बापाच्या भेटीनं लेकराला धोका असेल तर भेट नाकारू शकतात. पण भीती कुठली आणि राग कुठला, हे ओळखायला आपण गटात घाई करू नये. आम्ही केली होती.

आणि पोटगीचं. पोटगी हा लेकराचा हक्क आहे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाखाली ती मागता येते, पूर्वी ते १२५ कलम होतं. भेट हाही लेकराचाच हक्क. पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज करायचा, लेकरू लपवायचं नाही. भेट मिळाली नाही म्हणून बापानंही पोटगी अडवायची नाही. दोन खाती आहेत ही. गटाच्या वहीत एकीचा हप्ता थकला म्हणून दुसरीची बचत आपण कापतो का? वकिलाला पैसे नाहीत म्हणून घाबरायचं कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं साधा अर्ज द्यायचा. भेट कुठं, किती वेळ, कोण सोबत, हे त्या अर्जात नीट लिहून मागता येतं. शाळेत, अंगणवाडीत, मामाच्या ओसरीवर, कुठंही.

त्या ताईकडं आम्ही परत गेलो. आमची चूक झाली असं सांगितलं. ती आधी भडकली. "तुम्हीच सांगितलं, आता तुम्हीच उलटं सांगता?" तिचं खरं होतं. दोन महिने बोलली नाही, बैठकीला यायची, बचत टाकायची आणि उठून जायची. मग दिवाळीनंतर, तो तोडीला निघायच्या आधी, तिनंच निरोप पाठवला. घरी येऊ देणार नाही, पण शाळेच्या ओट्यावर रविवारी तासभर भेट. पोटगीचा अर्जही तिनं त्याच आठवड्यात टाकला.

आम्ही दोघी जणी लांब उभ्या होतो. ताई हातपंपाजवळ, पाठ करून. बाप पेरू घेऊन आला होता. पोरगं दहा मिनिटं काही बोललं नाही. त्यानं बाबा म्हणून हाकही मारली नाही. मग पेरू खाता खाता विचारलं, "उसाच्या फडात साप निघतात का?" बाप म्हणाला, निघतात. किती मोठे, पोरानं विचारलं. बापानं हात पसरून दाखवला. पोरगं म्हणालं, "खोटं." आणि तासाचे दीड तास झाले तरी ताईनं काही मागं वळून हाक मारली नाही.